भुकेची सोबत

दिवसभराच्या रक्ततपासण्यांतून काढलेला ओवीच्या भुकेचा आलेख डॉक्टरांच्या पडद्यावर उमटला, तेव्हा पहिल्या नजरेत मला तो नदीचाच वाटला. वाशिष्ठीच्या पाण्याची पातळी नोंदवणे हे माझे काम. पोफळीच्या वीजघरातून पाणी सुटले की नदीची रेषा अशीच अवेळी चढते, आणि तितक्याच मुकाट्याने उतरते. नदी चढली की आम्ही भोंगा वाजवतो. ओवीची रेषा गेले कित्येक महिने रोज दुपारी चढत होती आणि त्याच घरात राहून, तिच्याच हातचे जेवून, मला तिचा पत्ता नव्हता.

"घाबरण्यासारखं काही नाही," डॉक्टर केतकर म्हणाल्या. "पण दुर्लक्ष करण्यासारखंही नाही."

माझी पत्नी ओवी गोवळकोटहून दाभोळपर्यंत जाणाऱ्या विजेच्या प्रवासी बोटीवर उमेदवारी करत होती. दोन वर्षांनी तिची सारंगाची परीक्षा होती. ती झाली की बोट तिच्या हाती येणार होती. तोपर्यंत मूल नको, असे तिने ठरवले आणि मला ते मनापासून पटले. गोळ्यांनी तिचे अर्धे डोके दुखे, तांबी तिला सोसली नाही. तीन महिन्यांतून एकदा घ्यायचे इंजेक्शन मात्र मानवले, म्हणजे तसे आम्हाला वाटले. वर्षभरात तिचे वजन वाढले, उपाशीपोटीची साखर सीमेपाशी येऊन थांबली आणि हाडांची घनता किंचित उतरली.

"या इंजेक्शनातलं संप्रेरक बीजकोशाला तीन महिने निजवून ठेवतं," डॉक्टर सांगत होत्या. "सगळ्यांना नाही, पण काही जणींच्या बाबतीत ते भुकेच्या घड्याळालाही हात लावतं. भूक अवेळी लागते. इन्सुलिन आपल्या कामात जरा सुस्त होतं. त्यात जेवण पुढे ढकललं आणि मग एकदम भरपूर खाल्लं, तर साखर आणि वजन दोन्ही चढतात. हाडांतलं कॅल्शियम थोडं कमी होतं, ते इंजेक्शन थांबवल्यावर बहुतेक भरून येतं. पण तोवर त्याला जपायचं. नाचणी, दूध, ऊन, आणि चढावर चालणं." त्या ओवीकडे वळल्या. "तू दुपारी कधी जेवतेस?"

"बोटीवरून आले की."

"आणि रात्री?"

"सगळ्यांचं झालं की."

तिने हे अगदी सहज सांगितले. आमच्या घरी कुणी तिला मागाहून जेवायला सांगितले नव्हते. आमच्याबरोबर जेव, असेही कुणी सांगितले नव्हते.

डॉक्टरांनी एक लहान डबी उघडली. तिच्यात कातडीच्या रंगाच्या दोन पट्ट्या होत्या. पहिली ओवीच्या दंडावर बसायची. केसाहून बारीक अशा सुयांनी ती त्वचेखालच्या द्रवातली साखर, इन्सुलिन आणि भूक जागवणारी संप्रेरके अखंड वाचत राहणार होती. यात फारसे नवे काही नव्हते. अशा पट्ट्या पूर्वीही निघाल्या होत्या. त्या फोनवर सूचना देत आणि बायका दोन आठवड्यांत त्या सूचना बंद करून टाकत. मग संशोधकांना एक निराळीच गोष्ट आढळली. भूक चढण्याच्या वेळी जिच्यासोबत कुणीतरी पानावर बसत असे, तिची रेषा आपोआप सपाट होत होती. त्या निरीक्षणातून दुसरी पट्टी जन्माला आली. कानामागच्या त्वचेखालून एका मज्जातंतूची फांदी जाते; तिचे मूळ पोटाशी बोलणाऱ्या मोठ्या मज्जातंतूत असते. दुसरी पट्टी त्या फांदीला हलके ठोके देते आणि पहिलीने वाचलेल्या भुकेचा दहावा हिस्सा दुसऱ्या माणसाच्या अंगात उमटतो. दोघांमध्ये अंतर कितीही असो.

"पुढच्या इंजेक्शनला येशील तेव्हा तुझी रेषा पडद्यावरच्या या हिरव्या पट्ट्यात दिसली पाहिजे," डॉक्टर म्हणाल्या. "दिसली तर इंजेक्शन देईन. नाहीतर थांबू आणि दुसरा मार्ग शोधू."

"दुसरे मार्ग संपलेत, डॉक्टर."

"म्हणून तर ही जोडी देतेय. सोबती कोण?"

ओवीने माझ्याकडे पाहिले. मी मान डोलावली आणि मला एक अनामिक आनंद झाला. 'तुला काय होतेय?' हा प्रश्न माझ्या ओठांपर्यंत येऊन शेकडो वेळा परतला आहे. समोरच्याचे मन उघडायला लावणारे शब्द मला सापडत नाहीत. आता न विचारता मला काहीतरी कळणार होते. तिच्या आत जे चढते आणि उतरते त्याचा एक दशांश तरी माझा होणार होता.

पहिली पट्टी ओवीच्या शरीराची चाल शिकून घेईपर्यंत दुसरी थंड जागी ठेवायची होती. मी ती फ्रिजच्या दारात, अंड्यांच्या कप्प्यात ठेवली.

त्या शनिवारी सकाळी आई स्मितामावशीकडे पाटणला निघाली. मावशीच्या नातवाचे बारसे होते. आईला गाडी लागते. कुंभार्ली घाट म्हणजे तिच्या लेखी देहदंड. डोळे मिटून, तोंडात आवळकाठी धरून, नाकाशी लिंबू लावून ती तो पार करते. अलीकडे ती कानामागे गाडी न लागण्याची पट्टी लावत असे. त्या पट्ट्या ती फ्रिजमध्ये ठेवते, हे मला ठाऊक होते. ठाऊक असणे आणि वेळेवर आठवणे यांत माझ्या बाबतीत नेहमीच एक घाट आडवा येतो.

दहाच्या सुमारास फोन वाजला.

"ओजस, ऐक! घाट चढले मी. आख्खा घाट, डोळे उघडे ठेवून!"

"बरं वाटतंय ना तुला?"

"बरं? मेल्या, भूक लागलीय! मला, घाटात, भूक! शेजारच्या बाईंनी डबा उघडला आणि मी बघतच राहिले. सांगायला लाज वाटते, त्यांचं अर्धं थालीपीठ मी खाल्लं."

मला फ्रिजचे दार आठवले. "आई, कुठली पट्टी लावलीस तू?"

"फ्रिजमधली, दुसरी कुठली? या वेळची जरा जाड आहे. नवीन निघालीय वाटतं. कुठून आणलीस रे? अजून चार आणून ठेव."

मी स्वयंपाकघरात गेलो. ओवी ओट्याशी उभी राहून, एका हातात पुस्तक धरून, कालची चतकोर पोळी चटणीशी खात होती. मी अंड्यांचा कप्पा उघडून दाखवला आणि जे घडले ते सांगितले. ती इतकी हसली की पाठ भिंतीला टेकून खाली बसली. तिचे हसू मग हळूहळू ओसरले.

"आईंना इंजेक्शनाचं माहीत नाही," ती म्हणाली.

"हो."

"पट्टीचं सांगायचं म्हणजे तेही सांगायला लागणार."

"हो."

"तू सांगशील?"

मी खिडकीतून बाहेर पाहिले. दवाखाना सोमवारपर्यंत बंद होता. नंतर दिवसभरात मी पाटणला तीनदा फोन लावला आणि तिन्ही वेळा हवापाण्याबद्दल बोललो.

आई रविवारी सकाळी परतली ती गाजावाजा करतच. "जाताना नाही, येताना नाही. एक मळमळ नाही! फक्त दुपारी चारच्या सुमाराला असं काही कासावीस व्हायला झालं की स्मिता घाबरली. मी आपली डब्यातले लाडू शोधतेय. सगळ्या बायकांसमोर मला म्हणते कशी, 'ताई, बारसं माझ्याकडे आणि डोहाळे तुलाच लागले वाटतं!' हसले सगळे. मी म्हटलं, हसा हसा, पुढच्या वर्षी आमच्याकडे या बारशाला."

ओवी भांडी लावत होती. तिचे हात क्षणभर थांबले.

दुपारी मी आणि आई पानावर बसलो. बांगड्याची आमटी होती, भात होता आणि ओवी तव्यावरच्या गरम पोळ्या आणून वाढत होती. आई मन लावून जेवली. मग ताटाकडे संशयाने पाहू लागली.

"चमत्कारिकच आहे. पोट भरलंय, पण भूक काही जात नाही." तिने आणखी भात घेतला आणि तो तसाच राहिला. "ओवी, पुरेत पोळ्या. तूही बस बघू. मला एकटीला खादाड असल्यासारखं वाटतंय."

ओवी बसली. तिने भात कालवला, एक घास घेतला, दुसरा घेतला. आईचा हात पोटावर गेला आणि तिथेच थबकला.

"थांब," आई म्हणाली. "खाऊ नको."

ओवी थांबली.

"आता खा."

ओवीने माझ्याकडे बघत चार घास खाल्ले.

"थांब... हं, खा, खा. सावकाश खा." आईचे डोळे विस्फारले होते. "अगं, तू घास घेतेस आणि माझं पोट निवतंय! लोकांना वाढूनच आपलं पोट भरतं, असं मी आजवर पाहुण्यांना सांगत आले. ते म्हणायचं म्हणून म्हणत होते मी!" तिची बोटे कानामागे गेली. "ओजस, हे काय आहे?"

मी बांगड्याचे काटे अतिशय लक्षपूर्वक वेगळे करत होतो.

ओवीनेच सांगितले. दर तीन महिन्यांचे इंजेक्शन, वजन, साखर, हाडे, जोडपट्टी. आणि पुढच्या तपासणीत रेषा आत आली नाही तर इंजेक्शन बंद होईल, हेही. तिने आवाज उंचावला नाही की खाली केला नाही. आई शेवटपर्यंत ऐकत राहिली.

"किती दिवस चाललंय हे?"

"एक वर्ष झालं. परीक्षेपर्यंत, म्हणजे अजून दोन."

"आणि मी तिकडे अख्ख्या पाटणला बारशाचं आमंत्रण देऊन आले!" आईने पट्टी सोलून काढली आणि माशाच्या काट्यासारखी ताटाच्या कडेला ठेवली. "आधी सांगितलं असतंत तर खाल्लं असतं का मी तुम्हाला?" मग तिचा मोर्चा माझ्याकडे वळला. "नदी चार बोटं चढली तर गावभर भोंगा वाजवतोस. घरात काय चाललंय ते सांगायला तुला तोंड नाही?"

ती उठून आपल्या खोलीत गेली. दार आपटले नाही. आमच्या घरात दारे आपटली जात नाहीत, ती फक्त लागतात. ओवीने ताटातली पट्टी उचलून पुसली आणि फ्रिजमध्ये नेऊन ठेवली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. नदीकाठी उभे राहून सुटलेल्या बोटीकडे पाहणाऱ्या माणसाचा असतो तसा चेहरा होता तो. तिची पुढची दोन वर्षे त्या एका हिरव्या पट्ट्यावर येऊन थांबली होती, आणि मी त्या घरातला सर्वांत निरुपयोगी माणूस होतो.

ऊन कलले. ओवी खाडीचा नकाशा पसरून भरती-ओहोटीची गणिते सोडवत बसली. मी तिच्या समोर बसून तिच्या चेहऱ्यावर काही दिसते का ते पाहत होतो. काही दिसले नाही. भूक किती निःशब्द असते! कुणीही कुणाच्याही शेजारी बसून आयुष्यभर उपाशी राहू शकतो, इतकी निःशब्द.

तेवढ्यात आईचे दार उघडले. ती थेट स्वयंपाकघरात गेली आणि थोड्या वेळाने नाचणीच्या आंबिलीचा पेला नकाशावर, ऐन खाडीच्या मुखाशी, ठेवून उभी राहिली.

"घे. भूक लागली असेल."

"आई, पट्टी तर तुम्ही काढलीत."

"काल याच वेळेला मी स्मिताचं घर पालथं घातलं होतं. तुझी भूक आणि शोधत होते मी लाडू!" आई खुर्ची ओढून बसली. "रोज असं होतं तुला?"

ओवीने मान डोलावली.

"मग काय करतेस?"

"पाणी पिते. रात्री जरा जास्त जेवते."

"वेडी आहेस," आई म्हणाली. पण तिचा आवाज रागाचा राहिला नव्हता. ती ओवीकडे असे पाहत होती, जणू रोजच्या वाटेवरचे एखादे घर तिने आज प्रथमच आतून पाहिले होते. "बारशाचं वाईट वाटलं मला, ते वाटणारच. ते माझं मी बघेन. पण घरातल्या माणसाला अशी भूक लागते आणि मी टीव्ही बघत असते, हे मला नाही चालायचं. उद्या मी येते त्या डॉक्टरकडे."

डॉक्टर केतकरांनी सगळी हकीगत ऐकली आणि डोळ्यांना पाणी येईपर्यंत हसल्या. मग गंभीर झाल्या. "तुम्हाला न विचारता हे झालं, ते चुकलंच. तुमच्या मर्जीशिवाय मी ही पट्टी पुन्हा चालू करणार नाही."

"मर्जीचं नंतर बघू. आधी सांगा, हाडं ठिसूळ होतात ती पुन्हा धड होतात का?"

"बहुतेक भरून येतात. आपण मोजत राहणार आहोत."

"आणि पुढे मूल?"

"इंजेक्शन थांबवल्यावर काही महिने जास्त लागू शकतात. पण मूल होण्याची शक्यता त्यामुळे कायमची जात नाही."

आईने मोठा श्वास घेतला. "आणि हिच्या भुकेनं मीच फुगले तर?"

"तुम्ही हिच्या भुकेला बसायचं, जेवायचं मात्र स्वतःच्या भुकेएवढंच."

"मग लावा," आई म्हणाली. "पण अट आहे. हिची भूक मला कळणार, आम्ही दोघी पानावर बसणार; तर पोळ्या हा करणार."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. मी होकार दिला. बाहेर पडताना मी मागे राहून डॉक्टरांना अगदी हळू विचारले, "माझ्यासाठी तिसरी पट्टी नसते का?"

"एका भुकेला एकच सोबती," त्या म्हणाल्या, आणि बहुधा मला बरे वाटावे म्हणून जरा थांबून पुन्हा हसल्या.

त्यानंतरचे दिवस मी तव्यापुढून पाहिले. माझ्या पोळ्या सुरुवातीला खाडीच्या नकाशावरच्या वेड्यावाकड्या आकारांसारख्या होत. आई त्यांना नावे ठेवी आणि ओवी त्यांतली एकेक ओळखून दाखवी. "ही अंजनवेल, आई." "आणि ही जळालेली?" "तो दीपगृहाचा खडक." सकाळी दोघी गोवळकोटचा चढ चढून येत, हाडांना भार हवा म्हणून आई दोन पिशव्यांत नारळ भरून एक ओवीच्या हाती देई. बोटीवर अकराच्या सुमारास ओवीचा फोन वाजे, आणि जुना सारंग ओरडे, "ओवी, सासूचा भोंगा झाला! डबा उघड!"

सगळे गोड होते असे नाही. एकदा माझे आणि ओवीचे बिनसले. शब्दही फारसे झाले नव्हते; पण आई खोलीतून उठून आली आणि म्हणाली, "काय बोललास तिला? भूकच मेलीय तिची." ओवी ताडकन उठली. "आई, माझ्या अंगातलं काहीच आता माझं राहिलं नाही का? मला निदान रुसू तरी द्या!" आई ओशाळली. दुसऱ्या दिवसापासून जेवणे आटोपली की ती पट्टी काढून वाटीत झाकून ठेवू लागली. "सुट्टी आहे माझी," ती जाहीर करी, "आता ज्याला जसं रुसायचं तसं रुसा." आणि चारच्या आधी, पट्टी नसतानाही, आंबील गॅसवर चढलेली असे.

इंजेक्शनाच्या दिवशी आम्ही तिघे दवाखान्यात गेलो. आईने बोटे गुंफली होती. ओवी खिडकीतून बाहेर पाहत होती आणि मी तिच्या गळ्याशी उडणाऱ्या नाडीकडे. पडद्यावर रेषा उमटली. दुपारचा तो उभा चढ जाऊन तिथे एक पसरट, जुन्या टेकडीसारखा उंचवटा उरला होता.

"काठाला आहे," डॉक्टर म्हणाल्या. "पण आत आहे. साखर उतरलीय, वजन थोडं कमी झालंय, हाडं होती तिथेच टिकलीत. बाही वर कर, ओवी."

सुई क्षणात आत गेली आणि बाहेर आली. ओवीने डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा ते ओले होते आणि ती हसत होती. आईने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि लगेच डॉक्टरांपुढे तळहात पसरला. "नवी पट्टी द्या. जुनीचा चिकटपणा गेलाय."

"आता पट्टी नको. घड्याळ बसलंय तिचं. सवय मोडू देऊ नका, एवढंच."

आईचा चेहरा पडला. तो चेहरा मी ओळखला; एकच सोबती असतो हे ऐकले त्या दिवशी माझा असाच पडला होता. "मग मला कळणार कसं?" ती म्हणाली.

"तोंडानं विचारा की," डॉक्टर म्हणाल्या, आणि त्यांनी पुढच्या बाईंना आत बोलावले.

आम्ही पायऱ्यांवर येऊन उभे राहिलो. आई कानामागची रिकामी जागा चोळत होती. ओवी दंडावरचा कापूस दाबून धरून रस्त्याकडे बघत होती. दोघींच्या आत त्या वेळी काय चालले होते, ते सांगणारे यंत्र आता कुठेच नव्हते. मी घसा साफ केला. शब्द नेहमीप्रमाणे ओठांशी आले आणि नेहमीप्रमाणे वळू लागले. मी त्यांना वळू दिले नाही.

"ओवी," मी म्हणालो, "भूक लागलीय का तुला?"

ती वळली. इतक्या वर्षांत तिने माझ्याकडे असे पाहिल्याचे मला आठवत नाही. किंवा तिने पाहिले असेल, मीच मान खाली घातलेली असेन.

"हो," ती म्हणाली. "खूप."

"मलाही लागलीय," आई म्हणाली. "मला कुणी विचारलं नाही, तरी सांगते."

आणि त्या दोघी एकमेकींचा हात धरून समोरच्या खानावळीकडे रस्ता ओलांडूनही गेल्या. मी मागोमाग धावलो, कारण भूक मलाही लागली होती.